नभोवाणीवर आपला आवाज

— मंडळाची एक सभासद

आपल्या मंडळाच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी भगिनींनी काही ना काही लिहून द्यावे, अशी सूचना चिटणीसताईंनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला केली. पाककृती, विणकाम, बालसंगोपन हे विषय इतर भगिनी माझ्यापेक्षा चांगले लिहितील. मला लहानपणापासून इतिहासाची गोडी. शिक्षण सातवीवर थांबले, तरी वाचनालयातून पुस्तक आणण्याची सवय सुटली नाही. म्हणून इतिहासाचाच विषय घेतला आहे. परंतु तो राजेरजवाड्यांचा नाही. आपल्या घरातल्या फळीवर ठेवलेल्या रेडिओचा आहे, आणि त्यातून कोणाचा आवाज आला व कोणाचा आला नाही, ह्याचा आहे.

आपल्या देशात नभोवाणीचे पहिले रीतसर केंद्र मुंबईस २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. ते एका खासगी कंपनीचे होते. रेडिओ ठेवावयाचा तर वर्षाला दहा रुपयांचा परवाना काढावा लागे, आणि त्या काळी दहा रुपये म्हणजे गरिबाच्या घरात महिन्याचा खर्च. ऐकणारे थोडे, म्हणून उत्पन्न थोडे. तीन वर्षांच्या आत, १९३० साली, कंपनी बुडाली व सरकारने कारभार हाती घेतला. १९३६ च्या जून महिन्यात त्याला ‘ऑल इंडिया रेडिओ’ असे नाव मिळाले. पुढे आपण त्यालाच आकाशवाणी म्हणू लागलो.

तारायंत्राचा १८८५ सालचा एक कायदा होता. त्या कायद्याने तार, आणि पुढे बिनतारी संदेशही, सरकारच्या हाती ठेवले होते. ऐकावयाचे तर परवाना लागे आणि बोलावयाचे तर सरकारी केंद्रातच जावे लागे. परक्या राज्याला प्रजेचा आवाज हवेतून जाणे परवडण्यासारखे नव्हतेच.

हा पहारा एका मुलीने मोडला, हे प्रत्येक भगिनीला ठाऊक असावे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये ‘छोडो भारत’ची हाक दिली गेली आणि सारे पुढारी तुरुंगात गेले. वर्तमानपत्रांची तोंडे बंद झाली. तेव्हा मुंबईत उषा मेहता ह्या बावीस वर्षांच्या विद्यार्थिनीने काही सोबत्यांसह गुप्त नभोवाणी केंद्र उभे केले. ‘काँग्रेस रेडिओ’ हे त्याचे नाव. डॉ. राममनोहर लोहिया ह्यांचे त्यांना साहाय्य होते. पोलिसांना माग लागू नये म्हणून यंत्र एका जागेवरून दुसऱ्या जागेवर हलवावे लागे. देशात कोठे काय घडले, कोठे गोळीबार झाला, हे सरकारी केंद्र सांगत नव्हते ते ही मंडळी सांगत. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलीस आले आणि उषाबाई पकडल्या गेल्या. चौकशीत त्यांनी तोंड उघडले नाही. त्यांना चार वर्षांची सजा झाली. १९४६ साली सुटल्यावर त्यांनी पुढचे शिक्षण घेतले, प्राध्यापक झाल्या, आणि २००० साली त्यांचे निधन झाले. जेमतेम तीन महिने चाललेल्या त्या केंद्राची आठवण ऐंशी वर्षांनंतरही निघते, ह्यावरून आवाजाची किंमत कळून यावी.

स्वराज्य आले आणि आकाशवाणी आपली झाली. १९४८ साली नागपूर केंद्र निघाले, १९५३ साली गांधीजयंतीच्या दिवशी पुणे केंद्र निघाले, १९६३ साली सांगलीचे निघाले. आकाशवाणीने आपल्यावर केलेले उपकार मी विसरणार नाही. मुंबई केंद्रावरच्या ‘वनिता मंडळा’ने घराबाहेर न पडणाऱ्या कितीतरी बायांना बाहेरचे जग दाखविले. ‘पुन्हा प्रपंच’मधले पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी तर शेजारी राहत असल्यासारखे वाटत. माझ्या माहेरी कातडी पिशवीतला रेडिओ खुंटीला टांगलेला असे. त्याची कळ वडिलांच्या हाती. ते शेतावर गेले की आई तो खाली घेऊन चुलीशेजारी ठेवी आणि भाकरी थापता थापता ऐके. ऐकताना ती मध्येच उत्तर देई. भाषण देणाऱ्या बाईने लहान मुलाच्या खोकल्यावर काही उपाय सांगितला, की आई म्हणे, “अवो बाई, आमच्याकडं ते मिळत न्हाई, आमी ओवा घेतो.” ते उत्तर अर्थातच मुंबईला ऐकू जात नव्हते.

मला वाटते, सगळी अडचण त्या एका वाक्यात आहे. केंद्र दूर शहरात, भाषण आधी लिहून द्यावयाचे, ते तपासून झाले की शुद्ध भाषेत वाचावयाचे. असे केल्याने चुका टळत, हे खरे. परंतु जिची भाषा तशी नाही आणि जिला लिहिता येत नाही, तिने जन्मभर ऐकतच राहावयाचे, असा त्याचा अर्थ झाला.

ही अडचण त्या काळच्या जाणत्या लोकांच्याही ध्यानात आली होती. म्हणूनच १९५६ साली आपल्या मराठी मुलखात एक प्रयोग झाला. त्याची दखल पुढे जगभर घेतली गेली, आणि आपल्याकडे मात्र तो फारसा कोणाला माहीत नाही. कॅनडा देशात १९४१ पासून शेतकऱ्यांचे गट आठवड्यातून एकदा शेजारच्या घरी जमत, शेतीवरचा कार्यक्रम ऐकत, त्यावर बोलत आणि आपले म्हणणे केंद्राला लिहून कळवीत. वाचा, ऐका, चर्चा करा आणि कामाला लागा, असा त्यांचा मंत्र होता. युनेस्को ह्या जागतिक संस्थेच्या मदतीने आकाशवाणीने तोच उपक्रम पुणे केंद्रावरून करून पाहिला. पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावे निवडली. प्रत्येक गावी वीसेक जणांचे श्रोतृमंडळ, त्याला एक अध्यक्ष आणि एक चिटणीस. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे दहा आठवड्यांत वीस कार्यक्रम झाले. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करून मंडळी बोलत बसत. चिटणीस टिपण लिही, शंका पुण्याला पाठवी, आणि पुढच्या एखाद्या कार्यक्रमात तिचे उत्तर येई.

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने ह्याची पाहणी केली व पॉल न्यूराथ ह्या विद्वानाने तिचे काम पाहिले. त्यांनी श्रोतृमंडळ असलेली गावे, नुसता रेडिओ असलेली गावे आणि रेडिओही नसलेली गावे अशी तुलना केली. जेथे ऐकून बोलणे झाले, तेथे लोकांना पुष्कळ जास्त समजले. जेथे रेडिओ नुसता वाजत राहिला, तेथे तेवढा फरक पडला नाही. शिवाय काही गावांत त्या बैठकीतून गावच्या कामांचे निर्णय होऊ लागले. हा निष्कर्ष पाहून १९५९ पासून अशी मंडळे देशभर काढण्याचे ठरले.

परंतु भगिनींनो, त्या मंडळांत बसणारे बहुतेक पुरुषच होते. संध्याकाळची वेळ ही बाईची चुलीची वेळ. चावडीवर जाऊन बसणे तर तेव्हा शक्यच नव्हते. पुढे घरोघर लहान रेडिओ आले, त्यामागून दूरचित्रवाणी आली आणि एकत्र बसून ऐकण्याची रीतच गेली. सरकारी उत्साहही ओसरला. मंडळे बंद पडली. त्यांतून निघालेला धडा मात्र खरा होता: बोलल्यावाचून ऐकलेले अंगी लागत नाही.

पुढची गोष्ट चमत्कारिक आहे. आपला आवाज मोकळा होण्याची वाट क्रिकेटच्या भांडणातून निघाली. कलकत्त्यास १९९३ साली झालेल्या एका क्रिकेट स्पर्धेचे प्रक्षेपण कोणी करावे, ह्यावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि सरकार ह्यांच्यात खटला झाला. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी निकाल लागला. निकाल देणाऱ्यांत आपले मराठी न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. हवेतून जाणाऱ्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तिचा वापर लोकांच्या हितासाठी झाला पाहिजे. त्यावर सरकारची एकट्याची मक्तेदारी असू नये, आणि ज्याच्याजवळ पैसा आहे त्याचीही असू नये, असा त्या निकालाचा आशय. नदीचे पाणी जसे सर्वांचे, तशीच ही हवेतली वाट सर्वांची.

निकाल झाला, पण परवाने लगेच मिळाले नाहीत. पैसेवाल्यांची एफ. एम. केंद्रे आधी निघाली आणि त्यांवर गाणी वाजू लागली. खेड्यातली माणसे थांबून राहिली नाहीत. कच्छमध्ये महिलांच्या एका संघटनेने १९९९ साली आकाशवाणीच्या भूज केंद्रावर वेळ घेऊन कच्छी बोलीतला आपला कार्यक्रम सुरू केला. कर्नाटकात कोलार जिल्ह्यातल्या बुडीकोटे गावी २००३ साली ‘नम्म ध्वनी’, म्हणजे आपला आवाज, हे केंद्र निघाले. हवेतून बोलण्यास मनाई होती म्हणून त्यांनी आपले कार्यक्रम तारेतून, केबलवरून घरोघर पोचविले. त्यात गावच्या बचत गटांच्या बायांचा मोठा भाग होता. बाई युक्ती काढावयाला बसली तर कायदाही वाट देतो, असे म्हणावयास हरकत नाही.

२००२ च्या अखेरीस सरकारने शिक्षणसंस्थांना लहान केंद्रे काढण्याची मुभा दिली. त्याप्रमाणे १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात पहिले केंद्र सुरू झाले. २००६ च्या नोव्हेंबरात नियम आणखी सैल झाले आणि लोकांत काम करणाऱ्या नोंदणीकृत संस्थांनाही परवाना मिळू लागला. ह्यालाच सामुदायिक रेडिओ म्हणतात.

अशा संस्थांपैकी पहिले केंद्र कोणी काढले असेल? सोलापूरहून हैदराबादला जाताना वाटेत जहीराबाद लागते. त्या भागातल्या माचनूर गावी दलित शेतकरी बायांनी ते काढले. तेव्हा तो भाग आंध्रच्या मेदक जिल्ह्यात होता, आज तेलंगणात आहे. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ह्या संस्थेच्या मदतीने गावोगाव बायांचे संघ निघाले होते. ज्वारी, राळे, तूर अशी पाऊस कमी असला तरी येणारी पिके आणि त्यांचे घरचे बियाणे जपणे, हे त्या संघांचे मोठे काम. त्यांचे म्हणणे असे की, रेडिओवर कोणी आमच्या बोलीत बोलत नाही व आमच्या पिकांविषयीही बोलत नाही. १९९८ च्या सुमारास युनेस्कोच्या साहाय्याने तेथे ध्वनिमुद्रणाची खोली झाली. परवाना नव्हता. म्हणून ह्या बायांनी दहा वर्षे काय केले? आपले बोलणे, गाणी, बियाण्याची माहिती फितीवर घेतली आणि त्या फिती संघाच्या बैठकीत लावून ऐकल्या. दहा वर्षे! शेवटी १५ ऑक्टोबर २००८ रोजी, म्हणजे ग्रामीण महिलांच्या जागतिक दिनी, ‘संघम रेडिओ’ हवेत गेला. त्याचे उद्घाटन करण्यास तेच न्यायमूर्ती सावंत गेले होते. केंद्र सांभाळणाऱ्या दोघींचेही नाव नरसम्मा. त्यांतल्या एकीला लोक कौतुकाने ‘जनरल नरसम्मा’ म्हणतात.

आपल्या जवळचे उदाहरण म्हसवडचे. सातारा जिल्ह्यातला माण तालुका म्हणजे दुष्काळाचे घर. तेथे चेतना गाला सिन्हा ह्यांनी बायांची सहकारी बँक काढावयाचे ठरविले, तेव्हा पहिला अर्ज फेटाळला गेला, कारण सभासद बायांना सही येत नव्हती. बाया अक्षर शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि १९९७ साली माणदेशी महिला बँक उभी राहिली. त्याच माणदेशीने २००८ साली म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ हे रेडिओ केंद्र सुरू केले. तेथे गावच्या बाया ओव्या म्हणतात आणि धंद्याच्या व घरच्या गोष्टी बोलतात, त्याही माणदेशी बोलीत. जत तालुक्यात जालिहाळला ‘येरळावाणी’ आहे. आज देशात अशी पाचशेच्या आसपास केंद्रे आहेत.

ही केंद्रे चालतात कशी, तेही थोडक्यात सांगते. त्यांची ताकद १०० वॅटपर्यंत, म्हणजे पूर्वी आपण माजघरात लावीत असू त्या मोठ्या दिव्याएवढी. मनोरा फार तर तीस मीटर उंच. आवाज साधारण दहा-बारा किलोमीटर जातो. ते कमी वाटले तरी आठवड्याच्या बाजाराला जेवढी गावे येतात, तेवढी त्यात बसतात. निदान निम्मे कार्यक्रम तेथल्याच लोकांच्या सहभागाने व्हावेत, आणि शक्यतो त्यांच्याच भाषेत व्हावेत, असा नियम आहे. राजकारण वर्ज्य आहे. स्वतःच्या बातम्या देण्यासही मनाई आहे, आणि ही मनाई मला पटत नाही. गावच्या पाण्याची टाकी का भरली नाही, हे गावच्या केंद्राने सांगू नये तर कोणी सांगावे? जाहिरातींवरही बंधन, २००६ च्या नियमात तासाला पाचच मिनिटे होती. त्यामुळे पैशाची ओढाताण ठरलेली. शिकवून तयार केलेली मुलगी लग्न होऊन सासरी गेली, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तरीही २०२० च्या टाळेबंदीत, घराबाहेर पडता येत नव्हते तेव्हा, ठिकठिकाणच्या ह्या केंद्रांनी लोकांना त्यांच्या बोलीत काळजी कशी घ्यावी ते सांगितले. ओळखीच्या माणसाने सांगितलेले माणूस लवकर ऐकतो.

हे सर्व मी मंडळाच्या एका बैठकीत सांगितले होते. तेव्हा आपल्यातल्या एक ज्येष्ठ काकू म्हणाल्या, “आमी काय बोलणार गं? रेडिओवर शिकली-सवरलेली माणसं बोलत्यात.” त्यांना मी आदरपूर्वक उत्तर देते. काकू, तुम्ही १९७२ सालच्या दुष्काळात कामावर खडी फोडली आहे. सुकडी कशी लागे, लाल मिलोची भाकरी कशी तुटे, तान्हे मूल झोळीत घालून दिवसभर हातोडा कसा चालविला, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्या दुष्काळाचे आकडे पुस्तकांत आहेत. पण उन्हात मूल रडू लागले की शेजारची बाई आपला हातोडा ठेवून त्याला पाणी पाजी, हे मी तुमच्या तोंडून ऐकले, पुस्तकात नव्हे. माचनूरच्या बायाही शिकल्या-सवरलेल्या नव्हत्या. त्यांना आपल्या बियाण्याची माहिती होती, आणि तेवढी पुरली.

आता एक व्यवहाराची गोष्ट. म्हसवडचा आवाज आपल्या गावापर्यंत पोचत नाही. आपले मंडळ नोंदणीकृत आहे, तीन वर्षांहून जुने आहे, तेव्हा नियमाप्रमाणे अर्ज करण्यास अडचण नसावी. पण यंत्रसामग्रीला लाखांनी रुपये लागतात, आणि मंडळाची शिल्लक किती आहे ते खजिनदारबाई दरवर्षी वाचून दाखवितात. म्हणून मी केंद्राची मागणी करीत नाही. माचनूरच्या बायांनी परवान्याची वाट पाहत जे केले, ते आपण उद्यापासून करू शकतो. आज घरोघर मोबाईल आहे. त्यात बोलणे साठविता येते. दर महिन्याच्या बैठकीत एका ज्येष्ठ भगिनीने अर्धा तास बोलावे, एकीने ते मोबाईलवर घ्यावे, आणि पुढच्या बैठकीच्या आरंभी सर्वांनी ऐकून त्यावर चर्चा करावी. ऐकणे, बोलणे आणि मग काम, हा १९५६ सालचाच रिवाज. फक्त ह्या वेळी बैठक बायांची, आणि वेळ दुपारची.

बहात्तरच्या कामावर गेलेल्या भगिनी आपल्या मंडळात आता तिघीच आहेत. मंडळ स्थापन झाले तेव्हा अकरा होत्या. वार्षिक सभेपुढे मी हा ठराव लेखी देत आहे. पहिल्या महिन्याला काकूंचे नाव घालावे, ही विनंती.